शेजाऱ्यांनी मिळून पुस्तकपेटी उभारायची आणि टिकवायची कशी

फाटकाजवळ किंवा फुटपाथच्या कडेला खांबावर बसवलेलं छोटं कपाट, दाराला कुलूप नाही, कोणीही यावं, पुस्तक घ्यावं, वाचावं, फारच आवडलं तर ठेवून घ्यावं, आपल्याकडचं एखादं आणून ठेवावं. मेंबरशिप नाही, फी नाही, परत करायची तारीख नाही. हे ऐकायला इतकं सोपं वाटतं की बरेच जण सुट्टीच्या दिवशी लाकूड आणून थेट ठोकाठोकीलाच लागतात. पेटी मस्त होते, फोटो निघतात, सगळे कौतुक करतात, आणि वर्षभरात त्याच पेटीत ओलसर मासिकं, जुनी गाइडं आणि कोणालाच नको असलेली पुस्तकं साचलेली असतात आणि दार धड लागत नसतं. बहुतेक वेळा लाकडाचा दोष नसतो. ती पेटी एका माणसाची राहिलेली असते, शेजाऱ्यांची झालेलीच नसते. म्हणून या लेखात क्रम मुद्दाम उलटा घेतलाय, आधी माणसं, मग जागा, मग करवत.

ही कल्पना काही अगदी कालची नाही. क्लेग आणि गुटमन या कलाकार जोडीने १९९१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात उघड्यावर पुस्तकांची कपाटं ठेवली होती, ना कुलूप ना पहारा. जर्मनीत आज कितीतरी शहरांत चौकाचौकात असं सार्वजनिक कपाट दिसतं. इंग्लंडमध्ये गावांनी वापरात नसलेले लाल टेलिफोन बूथ घेऊन त्यात फळ्या ठोकल्या, सॉमरसेटमधल्या वेस्टबरी-सब-मेंडिप गावाने २००९ मध्ये हे केलं. त्याच २००९ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या हडसन गावी टॉड बोल यांनी आपल्या शिक्षिका आईच्या आठवणीत एका खोलीच्या शाळेसारखी दिसणारी छोटी पेटी करून घरापुढे लावली, शेजारी त्याभोवती जमायला लागले, आणि त्यातून पुढे लिटल फ्री लायब्ररी ही संस्था उभी राहिली. आता जगभरात त्यांच्याकडे नोंद असलेल्या पेट्या लाखाच्या वर आहेत. इथेच एक कामाची गोष्ट सांगून टाकतो, लिटल फ्री लायब्ररी हे त्या संस्थेचं रजिस्टर्ड नाव आहे. ते आपल्या पेटीवर लिहायचं असेल तर त्यांच्याकडे नोंदणी करावी लागते, मग नंबर असलेली पाटी मिळते आणि त्यांच्या नकाशावर पेटी दिसते. नोंदणी नको असेल तरी काही बिघडत नाही, आपलं आपण नाव ठेवायचं, गल्लीतल्या पोरांना विचारलंत तर दहा नावं मिळतील.

आधी माणसं

चार-पाच घरं पुरे. वीस जणांचा ग्रुप काढलात तर सगळे अंगठे दाखवतील आणि करणार कोणीच नाही, त्यामुळे सुरुवातीला कमी पण पक्के लोक घ्या. त्यातही सगळे पुस्तकवेडेच हवेत असं अजिबात नाही, उलट वेगवेगळे लोक असले तर बरं पडतं, एकाला सुतारकामाची आवड, एकीला रंगकाम जमतं, कोणीतरी रोज त्या रस्त्याने फिरायला जातं, कोणाच्या घरात दोन खोके ठेवायला कोरडी जागा आहे. हा शेवटचा माणूस फार महत्त्वाचा, का ते पुढे येईलच.

या लोकांनी एकदा तासभर बसून काही गोष्टी ठरवायच्या आणि ग्रुपवर लिहून ठेवायच्या. पेटी कोणाच्या जागेत, पेटीकडे लक्ष कोण कोणत्या आठवड्यात देणार, खर्च कसा वाटायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेटीत काय चालणार नाही. प्रचाराची पत्रकं, जाहिराती, विकायच्या वस्तूंचे कॅटलॉग, कोणाच्याही धर्माची किंवा पक्षाची फुकट वाटायची साहित्यं, हे सगळं पहिल्याच दिवशी "नको" म्हणून ठरवलेलं असलं की पुढे कोणाला व्यक्तिशः नाही म्हणावं लागत नाही, आणि एकदा का एकाचं चालवून घेतलं की दुसऱ्याला कसं थांबवणार.

ज्यांच्या दारावरून पेटी दिसणार आहे पण जे ग्रुपमध्ये नाहीत त्यांना प्रत्यक्ष जाऊन सांगा, मेसेज नको. त्यांना भीती असते ती गर्दीची, आवाजाची, गाड्या लागण्याची. खरं तर पेटीपाशी एका वेळी एक-दोनच माणसं येतात आणि दोन मिनिटांत जातात, पण हे त्यांना आधी कळलं तर तक्रार व्हायच्या ऐवजी तेच पुढे पेटीवर नजर ठेवतात.

जागा आणि परवानगी

खाजगी जागेत, कुंपणाच्या आत पण रस्त्यावरून हात पोचेल अशी पेटी लावणं सगळ्यात सोपं, मालकाचा होकार घेतला की झालं. भाड्याच्या घरात असाल तर मालकाला लेखी विचारा. इमारतीची कमिटी असेल तर तिचा ठराव घ्या. फुटपाथ, बाग, बसस्टॉप अशी सार्वजनिक जागा असेल तर स्थानिक प्रशासनाची परवानगी लागतेच, आणि आपल्याच अंगणात असली तरी नियम एकदा बघून घ्यावेत. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लीवुड शहरात २०१४ मध्ये एका ९ वर्षांच्या मुलाच्या घरापुढची पेटी काढायला लावली होती, कारण तिथल्या नियमात घरासमोर स्वतंत्र बांधकाम चालत नव्हतं. मुलगा नगर परिषदेसमोर उभा राहून बोलला, परिषदेने अशा पेट्यांना सूट दिली आणि पेटी परत लागली. शेवट चांगला झाला, पण आधी एक चौकशी केलेली केव्हाही बरी.

जागा निवडताना मी सगळ्यात आधी ऊन बघेन. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन थेट दारावर पडत असेल तर कव्हरं फिकी पडतात, पानं पिवळी होतात आणि पेपरबॅकच्या कण्याचा गोंद सुकून पानं सुटायला लागतात. मग पावसाची दिशा, जिकडून वारा-पाऊस येतो तिकडे पेटीची पाठ करायची. झाडाखाली सावली छान मिळते पण पक्ष्यांची घाण, पाझरणारा चीक आणि पडणारी पानं छतावर साचून ओल धरतात, त्यामुळे झाडाच्या बाजूला ठीक, अगदी फांद्यांखाली नको. रात्री रस्त्याच्या दिव्याचा थोडा उजेड येत असेल तर उत्तम, नासधूस कमी होते आणि ऑफिसातून उशिरा येणाऱ्यालाही पुस्तक बघता येतं.

पेटीसमोर उभं राहणारा माणूस रहदारीत उभा राहता कामा नये हे विसरू नका. दार उघडल्यावर ते फुटपाथवरून जाणाऱ्याच्या डोक्याला लागायला नको, आणि कोपऱ्यावर लावत असाल तर वळणाऱ्या गाडीवाल्याची नजर अडत नाही ना ते बघा. समोर व्हीलचेअर किंवा बाबागाडी उभी राहील इतकी सपाट जागा ठेवा.

माप आधी, लाकूड नंतर

पेटीचं माप पुस्तकांवरून ठरतं. साधी पेपरबॅक १८ सेंटीमीटर उंच असते, कादंबऱ्या-कथासंग्रह साधारण साडेएकवीसपर्यंत जातात, आणि लहान मुलांची चित्रांची पुस्तकं ३० सेंटीमीटरपर्यंत. बरेच जण इथेच फसतात, दोन्ही कप्पे सारखे करतात आणि मग मुलांची पुस्तकं आडवी कोंबावी लागतात, आडवी ठेवलेली पुस्तकं कोणी बघत नाही आणि मुलांची पुस्तकं तर सगळ्यात जास्त फिरतात. म्हणून खालचा कप्पा ३२ सेंटीमीटर उंच आणि मुलांसाठी, वरचा छोटा आणि मोठ्यांसाठी.

एक चालणारं माप देतो, हे पाळायलाच हवं असं नाही. आतून रुंदी ४५ सेंटीमीटर, खोली ३०, पुढची उंची ६५ आणि मागची ५७, म्हणजे छत आपोआप मागे उतरतं आणि पाणी वाचणाऱ्याच्या डोक्यावर न पडता पाठीमागे पडतं. खालून ३२ वर मधली फळी. यात साधारण ४० पुस्तकं मावतात, म्हणजे १२ ते १५ किलो वजन, शिवाय पेटीचं स्वतःचं वजन वेगळं. यापेक्षा फार मोठी करायचा मोह होतो, पण मोठी पेटी भरलेली आणि ताजी ठेवणं फार जड जातं, छोटी पेटी भरगच्च दिसते आणि भरगच्च दिसली की लोक थांबतात.

१८ मिलीमीटर जाडीचा मरीन किंवा बाहेर वापरायचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या. साधा प्लाय आणि पार्टिकल बोर्ड अजिबात नको, कितीही रंग दिला तरी एकदा पाणी शिरलं की फुगून त्याचे पदर सुटतात. तळ ४५ बाय ३०, तो दोन बाजूंच्या मध्ये बसतो. बाजूच्या दोन फळ्या ३० रुंद, पुढे ६६.८ आणि मागे ५८.८ उंच, तिरक्या कापलेल्या, तळाच्या जाडीमुळे १.८ वाढलंय. पाठ ४८.६ बाय ५८.८, वरची कड छताच्या उतारानुसार तिरकी घासून घ्यायची. मधली फळी ४५ बाय २८, मुद्दाम थोडी कमी, म्हणजे पुढून हवा खेळती राहते. छत ६० बाय ४८, त्यामुळे पुढे ८ आणि बाजूंना जवळपास ६ सेंटीमीटर वळचण मिळते. मोठे काप लाकडाच्या दुकानातच मशीनवर करून घेतले तर काटकोनात येतात आणि घरी फक्त जोडणी उरते. करवत हातात धरायची सवय नसेल तर हाच मार्ग घ्या.

जोडणी

आधी सगळे तुकडे गोंदाशिवाय नुसते उभे करून बघा. मग वॉटरप्रूफ ग्लू आणि ४ सेंटीमीटरचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, प्रत्येक स्क्रूसाठी आधी बारीक ड्रिल, नाहीतर प्लायची कड फाटते. साधे लोखंडी स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात आणि रंगावरून तांबडे ओघळ येतात. आधी तळ आणि दोन बाजू, मग पाठ, पाठ बसली की सगळं काटकोनात येतं, मग मधली फळी, तिच्याखाली दोन्ही बाजूंना आणि मागे पट्टी द्या, नुसत्या स्क्रूवर पुस्तकांचं वजन टाकू नका.

पुस्तकांचा खरा शत्रू पाणी आहे आणि ते नेहमी सांध्यातून, कडेतून आणि हवेतून येतं. छतावर पत्रा किंवा डांबरी शीट लावा आणि ती कडेवरून खाली वळवा. वळचणीच्या खालच्या बाजूला, कडेपासून दीड-दोन सेंटीमीटर आत, करवतीने ३ मिलीमीटरची बारीक खाच पाडा. छताच्या खालून आत सरकणारं पाणी त्या खाचेपाशी येऊन थेंब होऊन खाली गळतं, पागोळीसारखं, आणि दारापर्यंत पोचतच नाही. पाच मिनिटांचं काम आहे आणि लोक हेच सोडून देतात. तळाला ८ मिलीमीटरची तीन-चार भोकं, म्हणजे आत आलेलं पाणी बाहेर जाईल, आणि तळावर एक सेंटीमीटर जाडीच्या पट्ट्या ठोकून त्यावर पुस्तकं, म्हणजे ओलीशी थेट संबंध नको. पाठीला वर छताजवळ दोन भोकं हवेसाठी, त्यांना आतून बारीक जाळी, नाहीतर गांधीलमाश्या घर करतात. पूर्ण हवाबंद पेटी करू नका. आतली दमट हवा बाहेर गेली नाही की बुरशी येते, ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता बराच काळ राहिली की कागदाला ती धरतेच.

दारासाठी ५ सेंटीमीटर रुंद, २ सेंटीमीटर जाड लाकडी पट्ट्यांची ४८ बाय ६६ ची चौकट, मध्ये ४ मिलीमीटर पॉलिकार्बोनेट किंवा अ‍ॅक्रिलिक. पुस्तकं बाहेरून दिसलीच पाहिजेत, बंद लाकडी दार असेल तर लोकांना ते मीटरचा डबा वाटतो. साधी काच नको, फुटली तर पोरांच्या हाताला लागेल. अ‍ॅक्रिलिक उन्हात प्रसरण पावतं, म्हणून त्यात स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं पाडा आणि स्क्रू फार आवळू नका, नाहीतर तडा जातो. बिजागऱ्या पितळी किंवा स्टेनलेस, आणि बंद राहायला लोहचुंबकाचा कॅच किंवा साधी लाकडी खिट्टी. चार वर्षांच्या मुलालाही एका हाताने उघडता यावं आणि वाऱ्याने मात्र उघडू नये, दाराची एवढीच परीक्षा. दाराच्या आतल्या कडेला रबरी पट्टी चिकटवलीत तर तिरका पाऊस आत येत नाही.

रंग देण्याआधी प्लायच्या कापलेल्या कडा बघा. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच पितो तो, म्हणून कडांना प्रायमरचे दोन-तीन हात, बाकी सगळीकडे एक, मग बाहेरच्या वापराच्या रंगाचे दोन हात, प्रत्येक हातामध्ये हलका सँडपेपर आणि पुरेसा वेळ. आतून पांढरा किंवा फिका रंग द्या, खालच्या कप्प्यातली नावंही वाचता येतात. रंग हाताला सुकला म्हणजे पूर्ण सुकला असं नाही, ऑइल पेंट असेल तर दार उघडं टाकून आठवडाभर तरी ठेवा, घाई केली तर पुस्तकं फळीला चिकटतात आणि प्रत्येक पानाला वास लागतो. बाहेरचं चित्रकाम गल्लीतल्या मुलांना करू द्या. ज्या पोराने त्यावर मासा काढलाय ते पोर ती पेटी कोणाला खराब करू देणार नाही, हे अगदी मनापासून सांगतोय.

सुतारकाम नकोच असेल तर जुनं भिंतीवरचं कपाट, शोकेस, वर्तमानपत्रवाल्यांची धातूची पेटी, काहीही चालतं, फक्त छत, कडा आणि दार वरच्यासारखं सुधारून घ्या. जुना फ्रिज वापरायची कल्पना बरेच जण काढतात. त्याचा गॅस आणि कॉम्प्रेसर जाणकाराकडूनच काढून घ्या आणि आपोआप घट्ट बसणारं दार बदला, आत मूल अडकण्याचा धोका असेल असं काहीही रस्त्यावर ठेवायचं नाही.

खांब रोवणं

खणण्याआधी खालून पाणी, गॅस, वीज किंवा केबलची लाइन जात नाही ना याची चौकशी करा, ही पायरी कोणत्याही कारणाने गाळू नका. ९ ते १० सेंटीमीटर चौकोनी, प्रक्रिया केलेला लाकडी खांब किंवा जाड जी.आय. पाइप. ७५ सेंटीमीटर जमिनीवर आणि ६० खाली, म्हणजे १३५ लांब. खड्डा ७० ते ७५ खोल, तळाशी १० ते १५ खडी म्हणजे खांबाचं बूड पाण्यात उभं राहत नाही, मग खांब उभा करून दोन बाजूंनी पाणसळ लावून बघा, तात्पुरते टेकू द्या, भोवती काँक्रीट ओता आणि वरचा पृष्ठभाग खांबापासून बाहेर उतरता करा. जिथे जमीन गोठते अशा थंड प्रदेशात खड्डा गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो, नाहीतर हिवाळ्यात खांब वर उचलला जातो. दोन-तीन दिवस काँक्रीटला द्या आणि मगच पेटी चढवा.

७५ का म्हणाल, तर खालचा कप्पा बालवाडीतल्या मुलाच्या छातीशी येतो आणि वरची फळी ११० च्या आसपास, म्हणजे व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचाही हात पोचतो, कारण बसून साधारण १२० सेंटीमीटरपर्यंतच आरामात पोचता येतं. पेटीच्या तळाखाली खांबाला चारी बाजूंनी लोखंडी किंवा लाकडी ब्रॅकेट द्या आणि बोल्ट आरपार टाका. भिंतीवर लावणार असाल तर विटेत अँकर बोल्ट घ्या, प्लास्टिकच्या गिट्टीवर एवढं वजन सोडू नका.

पाटीवर काय लिहायचं

"एक घ्या, एक ठेवा" असं सगळीकडे लिहिलेलं असतं आणि माझं यावर ठाम मत आहे, असं लिहू नका. ज्याच्या घरात एकही पुस्तक नाही त्याच्यासाठी ही पेटी सगळ्यात जास्त गरजेची आहे, आणि तोच ती पाटी वाचून मागे फिरतो. ते मूल दोनदा दार उघडतं, पुस्तक हातात घेतं, पाटी वाचतं आणि ठेवून देतं. त्यापेक्षा सरळ लिहा, "पुस्तक घ्या, फुकट आहे. परत आणलंत तर छान, नाही आणलंत तरी चालेल. द्यायचं असेल तर इथे ठेवा." आजूबाजूला ज्या ज्या भाषा बोलल्या जातात त्या सगळ्यांत लिहा, आणि त्या भाषांची निदान दोन-दोन पुस्तकं पेटीत असू द्या. पाटीवर कोणाचा खाजगी नंबर किंवा घराचा पत्ता नको, पेटीसाठी वेगळा ईमेल काढा.

एक ओळ आणखी हवीच. "पेटीत मावतील तेवढीच ठेवा, जास्त असतील तर आधी कळवा." ही ओळ नसेल तर कोणीतरी घर बदलताना चार पोती खांबाशी टेकवून जातो आणि रात्री पाऊस येतो.

पुस्तकं, आणि घरातले ते दोन खोके

सुरुवातीला पेटीत मावतील त्याच्या तिप्पट पुस्तकं जमवा. चाळीस पेटीत, बाकीची त्या कोरडी जागा असलेल्या शेजाऱ्याकडे खोक्यात. हा साठा म्हणजे पेटीचा जीव आहे, कारण रोज त्या रस्त्याने जाणाऱ्याला तीच ती पुस्तकं दिसली की तिसऱ्या आठवड्यात तो बघणंच सोडतो. दर आठवड्याला पाच-सात बदलली तरी पेटी ताजी दिसते.

निवड करताना हात थोडा कडक ठेवा. आपण मित्राच्या हातात आनंदाने देऊ तेच ठेवायचं. जुनी औषधोपचाराची, कायद्याची, कराची आणि प्रवेशपरीक्षांची पुस्तकं काढून टाका. त्यातली माहिती बदललेली असते आणि एखाद्याने ती खरी धरली तर नुकसान होतं. विश्वकोशाचे सुटे खंड, फाटलेली, बुरशीचा वास येणारी, आत नावानिशी खाजगी गोष्टी लिहिलेली, हीसुद्धा नकोत, ती रद्दीत जाऊ द्या आणि वाईट वाटून घेऊ नका. पानांत राहिलेली पत्रं, फोटो, बिलं काढून देणाऱ्याला परत करा. मोठ्यांच्या विषयाचं असेल ते वरच्या कप्प्यात, खाली फक्त मुलांचं. कथा-कादंबऱ्या, रहस्यकथा, चरित्रं, स्वयंपाकाची पुस्तकं आणि चित्रांची पुस्तकं पटापट जातात, कवितेला वेळ लागतो पण जिला ती हवी असते तिला ती मिळते, म्हणून दोन तरी असू द्या.

पेटीत ठेवण्याआधी प्रत्येक पुस्तक एकदा झाडून बघा, कण्याची बाजू आणि कव्हरच्या खाचा विशेष, तिथे कसर, झुरळांची अंडी, कधी ढेकूणही निघतात. शंका आली तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर तशीच बंद ठेवायची, म्हणजे दव पिशवीवर बाहेरून जमतं, कागदावर नाही. आत पहिल्या पानावर शिक्का मारा, पेटीचं नाव आणि "विकण्यासाठी नाही". कोपऱ्यात पेन्सिलने महिना लिहा. तीन महिने कोणी हात लावला नाही तर ते पुस्तक खोक्यात जातं आणि दुसरं येतं, किंवा जवळपास दुसरी पेटी असेल तर त्यांच्याशी अदलाबदल करा, इथे पडून राहिलेलं तिथे दोन दिवसांत उचललं जातं.

आठवड्याची पाळी

प्रत्येक घराला एक आठवडा, आणि काम खरंच दहा मिनिटांचं. पत्रकं आणि कचरा काढायचा, दोन्ही कप्प्यांतली पुस्तकं उभी करायची, फळीवर कोरडं फडकं, कोपऱ्यांत हात फिरवून ओल आहे का बघायचं, दार नीट लागतं का, पाच-सात पुस्तकं बदलायची आणि ग्रुपवर एक फोटो टाकायचा. तो फोटो फार उपयोगाचा असतो, पुढच्या पाळीवाल्याला कळतं की काय कमी झालंय, आणि पाळी चुकली तर कोणाला टोचून बोलावं लागत नाही, फोटो नाही म्हणजे दुसरं कोणीतरी जातं.

पावसाळ्यापूर्वी एकदा सगळी पेटी रिकामी करून सांधे बघा, सिलिकॉन सीलंट सुटला असेल तर जुना पूर्ण खरवडून नवा भरा, जुन्यावरच थर दिला तर टिकत नाही. खांबाच्या बुडाशी मातीच्या रेघा वर चढताना दिसल्या तर वाळवी आहे, लगेच उपाय करा, ती पुस्तकांपर्यंत पोचायला वेळ लावत नाही.

पुस्तक भिजलंच तर पहिले दोन दिवस महत्त्वाचे, त्यानंतर बुरशी धरायला लागते. उभं करून पानं पंख्यासारखी उघडी ठेवायची, मध्ये मध्ये टिपकागद, तो ओला झाला की बदलायचा, आणि खोलीतला पंखा लावायचा. उन्हात टाकू नका, कव्हर वाकतं. गुळगुळीत चकचकीत कागदाची पानं मात्र सुकताना एकमेकांना कायमची चिकटतात, त्यामुळे ओली असतानाच प्रत्येक दोन पानांत कागद घालायला हवा, एवढा वेळ नसेल तर ते पुस्तक सोडून द्या. काळी-हिरवी बुरशी दिसली तर पिशवीत बंद करून टाकून द्या, घासत बसू नका, ती बाकीच्या चाळीसांना लागते.

कोणी सगळीच नेली तर

होतं असं. एका सकाळी पेटी रिकामी, आणि ग्रुपवर लगेच कॅमेरा लावू, कुलूप लावू, कोण होता तो शोधू सुरू होतं. माझं म्हणणं, काहीच करू नका, दुसऱ्या दिवशी पेटी भरा, पण अर्धीच. शिक्का असलेली पुस्तकं जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकणं सोपं नसतं, आणि अर्धी पेटी उचलून नेण्यात कोणाला रस नसतो. सलग होत राहिलं तर काही आठवडे दहा-दहाच ठेवा. कुलूप लावलंत तर ज्या माणसासाठी पेटी केली तोच बाहेर राहील. शिवाय अनेकदा ती "चोरी" म्हणजे एखाद्या शाळेच्या शिक्षिकेने वर्गासाठी नेलेली पुस्तकं असतात, आणि फुकट आहेत असं आपणच तर लिहिलंय. दार मोडलं, रंग फासला तर मात्र शक्यतो त्याच दिवशी दुरुस्त करा, मोडकी राहिली की आणखी मोडली जाते.

पेटी बघणारं घर दुसरीकडे राहायला जात असेल तर महिनाभर आधी दुसरं घर ठरवा आणि उरलेला रंग, शिक्का, जादा स्क्रू, ईमेलचा पासवर्ड आणि साठ्याचे खोके त्यांच्या ताब्यात द्या. कोणीच तयार नसेल तर पेटी तशीच सोडून जाऊ नका. पाटीवर दोन आठवडे आधी लिहा की ती निघतेय, पुस्तकं जवळच्या वाचनालयाला किंवा दुसऱ्या पेटीला द्या, पेटी हवी असेल त्या गल्लीला द्या, खांब उपटा आणि खड्डा बुजवून वर माती दाबा.